फाइल उघडली, पण गुडघा तोच आहे का?

सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुले गुडघे वाकवूनच चालतात. मांडीमागचे हॅमस्ट्रिंग स्नायू आखूड असतील, असे मानून ते शस्त्रक्रियेने लांबवले जातात. मात्र अमेरिकेत स्कॉट डेल्प आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये संगणकीय मॉडेलवर लांबी तपासली, तेव्हा अशा अनेक रुग्णांचे हे स्नायू आखूड नव्हतेच!

अशी मॉडेल आता एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेली जातात. स्टॅनफर्ड विद्यापीठातले ‘ओपनसिम’ तर मोफत मिळते. पण मॉडेलची फाइल म्हणजे नुसते चित्र नव्हे. हाडांची मापे, सांधे फिरण्याचे अक्ष, स्नायू कुठे चिकटतात आणि हाडाला कसा वळसा घालतात, या साऱ्याची ती नोंद असते. प्रत्येक सॉफ्टवेअर ती आपापल्या पद्धतीने ठेवते.

वळशाची नोंद वाटेत गळाली, तर स्नायू हाडातून आरपार जातो. पडद्यावरचा सांगाडा तरीही चालतो, फक्त आकडे बिघडतात. सांध्याच्या केंद्रापासून ४ सेंटीमीटरवरून ओढणारा स्नायू ३ सेंटीमीटरवर सरकला, तर तेवढ्याच जोराने सांधा फिरवण्याची त्याची ताकद पाव हिश्शाने घटते.

उपाय साधा आहे. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये गुडघा सारख्याच कोनांत वाकवायचा आणि प्रत्येक स्नायूची लांबी व सांध्यापासूनचे अंतर ताडून पाहायचे. आकडे जुळले, तरच पुढचे निष्कर्ष काढायचे. कारण त्यांच्या आधारे उद्या एखाद्या मुलाच्या पायावर शस्त्रक्रिया करायची की नाही, हे ठरू शकते.