न खेळता जिंकलेली फेरी

आपल्याकडे हुतूतू किंवा खो-खोच्या स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना 'पुढे चाल' हा शब्द नवा नाही. प्रतिपक्ष मैदानात आलाच नाही तर पंच शिट्टी वाजवतात आणि उपस्थित संघ न खेळता पुढच्या फेरीत जातो. त्या संघाला आनंद होतो खरा, पण तो थोडा ओशाळवाणा असतो. कुस्तीच्या फडात जोड न मिळालेला मल्ल नुसताच फेरी मारून येतो, त्याच्या चेहऱ्यावर असतो तसा. आज आपण ज्या घटनेचा विचार करणार आहोत ती अशाच एका पुढे चालीची कथा आहे. मात्र ही चाल थेट ब्राझीलपर्यंत जाणारी होती.

1950 साली फुटबॉलचा चौथा विश्वचषक ब्राझीलमध्ये भरला. त्यापूर्वीची स्पर्धा 1938 ची. मधली बारा वर्षे महायुद्धाने आणि त्याच्या राखेने खाल्ली. मुख्य स्पर्धेत जागा सोळा, आणि प्रवेशासाठी नावे नोंदवलेली राष्ट्रे त्याहून दुप्पट. म्हणून जगाचे प्रादेशिक गट पाडून प्रत्येक गटातून एकदोन संघ निवडायचे, अशी योजना होती. हिलाच आपण पात्रता फेरी म्हणतो. आशियाच्या वाट्याला एक गट आला. त्यात भारत, ब्रह्मदेश, फिलिपाइन्स वगैरे देश होते. यांपैकी बहुतेक देश नुकतेच स्वतंत्र झालेले. फिलिपाइन्स 1946 मध्ये, आपण 1947 मध्ये, ब्रह्मदेश 1948 मध्ये. फिलिपाइन्स युद्धात पोळून निघाला होता, ब्रह्मदेशात यादवी पेटली होती. एकेक करून शेजाऱ्यांनी आपली नावे काढून घेतली. गटात भारत एकटा उरला आणि एकही सामना न खेळता विश्वचषकास पात्र ठरला.

आशियात असे प्रथमच घडले असे मात्र नव्हे. 1938 साली जपानने चीनशी युद्ध चालू असल्यामुळे माघार घेतली, आणि त्या वेळचा डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, न खेळता फ्रान्सला जाऊन पोहोचला. तिथे हंगेरीने त्यांना 6-0 असे हरवले. हरले, पण विश्वचषकात खेळलेला पहिला आशियाई संघ म्हणून त्यांचे नाव कायम राहिले. पुढे जे झाले ते समजण्यासाठी हे ध्यानात असू द्या.

आपण तर गेलोच नाही. 22 मे 1950 रोजी रिओ येथे गटवारी झाली, भारताचे नाव इटली, स्वीडन आणि पराग्वे यांच्या बरोबर पडले. आणि स्पर्धा तोंडावर असताना आपण माघार घेतली.

का? आम्ही लहानपणी शाळेत ऐकले, आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांनी ऐकले असेल, की आपले खेळाडू अनवाणी खेळत, बूट घातल्याशिवाय खेळता येणार नाही असे आंतरराष्ट्रीय महासंघाने बजावले, म्हणून आपण बाणेदारपणे घरी बसलो. कथा ऐकायला गोड आहे. तिच्यात गरिबी आहे, स्वाभिमान आहे, आणि दोष परक्याच्या माथी आहे. एखादी दंतकथा टिकायला आणखी काय लागते?

तिला आधार अगदीच नाही असे नाही. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला संघ फ्रान्सशी खेळला. कर्णधार नागा प्रदेशातले डॉ. टी. आओ. आपले बहुतेक गडी खरोखरच अनवाणी होते, कुणी पायाला पट्ट्या गुंडाळलेल्या. सामना 2-1 असा गेला, आणि आपण दोन पेनल्टी फुकट घालवल्या. त्यातली एकजरी साधली असती तर निकाल लोंबकळत राहिला असता. इंग्लिश प्रेक्षकांनी या अनवाणी पायांचे कौतुक केले.

आता कथेतली गाठ पाहा. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ युगोस्लाव्हियाशी खेळला, तेव्हाही आपले काही खेळाडू अनवाणीच होते. म्हणजे 1950 मध्ये जी सक्ती आड आली म्हणतात, ती दोन वर्षांनी मोठ्या आंतरराष्ट्रीय मैदानावर कुणाच्या आड आली नाही. त्या सामन्यात थंड हवेत आपण 10-1 असे हरलो, आणि त्यानंतर आपल्याच महासंघाने बूट सक्तीचे केले. बुटांचा नियम आला तो आपल्या घरून, आणि तोही नंतर.

मग खरे कारण कोणते? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्या वेळी सांगितले ते असे, की संघनिवडीवर मतभेद आहेत आणि सरावाला वेळ अपुरा आहे. खर्चाचे म्हणाल, तर ब्राझीलने प्रवासाचा बराचसा भार उचलण्याची तयारी दाखवली होती. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट दृष्टीची होती. त्या काळी आपल्या मनात ऑलिंपिक म्हणजे सर्वस्व. हॉकीने तेथेच आपल्याला मान मिळवून दिला होता. विश्वचषक ही काय चीज आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. तेव्हाचे नामांकित बचावपटू शैलेन मन्ना यांनीही पुढे हेच बोलून दाखवले. आज आपण त्या मंडळींना हसतो. ते तितकेसे न्याय्य नाही, कारण त्या वर्षी मागे सरणारे आपण एकटे नव्हतो. स्कॉटलंड आणि तुर्कस्तान पात्र ठरूनही गेले नाहीत. फ्रान्सला आमंत्रण आले, त्यानेही आधी हो म्हणून मग नाही म्हटले. सोळांच्या स्पर्धेत अखेर तेराच संघ खेळले. उरुग्वेच्या गटात तर फक्त बोलिव्हिया उरला. त्याला 8-0 असे हरवून उरुग्वे अंतिम गटात गेला आणि 16 जुलैला खुद्द ब्राझीलला 2-1 नमवून चषक घेऊन गेला.

आपल्या रिकाम्या जागेचे काय झाले? तो गट तिघांचाच राहिला. इटलीच्या संघाचा कणा असलेले तोरिनोचे खेळाडू 4 मे 1949 च्या विमान अपघातात गेले होते. त्या धसक्याने इटालियन संघ ब्राझीलला बोटीने गेला. त्याला स्वीडनने 3-2 असे हरवले. आपण गेलो असतो तर जिंकलो असतो असे आम्ही म्हणत नाही. पण इटली दुबळी झाली होती, आणि फ्रान्सला झुंजवणारे पाय आपल्याकडे होते, एवढे खरे.

हे पाय पुढे कोणी घडवले, ते सांगताना जालनेकरांनी जरा कान द्यावा. 1950 साली आपले जालना हैदराबाद राज्याच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. त्याच राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम हे शिक्षक हैदराबाद पोलिसांच्या संघाला शिकवीत होते. या संघाने 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. हा चषक 1891 मध्ये गोऱ्या पलटणींनी सुरू केला होता हे लक्षात घेतले म्हणजे त्या पाच विजयांची चव कळते. रहीमसाहेबच भारताचे प्रशिक्षक झाले. मार्च 1951 मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत मेवालालच्या गोलने इराणला हरवून सुवर्णपदक, 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. त्याच मेलबर्नला गोव्यात जन्मलेल्या, मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल केले. 1962 मध्ये जाकार्ता येथे पुन्हा सुवर्णपदक. तेव्हा रहीमसाहेब कर्करोगाने ग्रासलेले होते, वर्षभरात ते गेले.

म्हणजे ज्या बारा वर्षांत आपण आशियात सर्वांत बलवान होतो, त्या बारा वर्षांत विश्वचषकाच्या दाराशी आपण एकदाच पोहोचलो, तेही न खेळता. 1954 च्या स्पर्धेसाठी अर्ज केला, तर तो नाकारला गेला.

न खेळता पुढे जाण्याची ही रीत लवकरच बंद झाली, आणि तीही मोठ्या गमतीने. 1958 साठी आशिया-आफ्रिकेच्या गटात इस्रायलविरुद्ध कोणीच खेळेना. तुर्कस्तान, इंडोनेशिया, सुदान एकामागून एक बाजूला झाले. तेव्हा यजमान आणि गतविजेता सोडून कोणीही एकही सामना खेळल्यावाचून विश्वचषकात जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरवले. युरोपात दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या संघांतून चिठ्ठीने वेल्सला बोलावले. वेल्सने इस्रायलला दोनदा 2-0 असे हरवले, आणि आधीच बाद झालेला तो संघ स्वीडनमध्ये थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. तिथे त्याला हरवणारा एकमेव गोल सतरा वर्षांच्या पेलेचा होता.

भारत पात्रता फेरीत खरोखर चेंडूला पाय लावून उतरला तो 1985 साली, म्हणजे त्या पुढे चालीनंतर पस्तीस वर्षांनी. गटात इंडोनेशिया, थायलंड आणि बांगलादेश होते. सहा सामन्यांत दोन विजय, तीन बरोबरी, एक हार. गटात दुसरा क्रमांक, आणि पुढे गेला इंडोनेशिया. ती एक हार पहिल्याच सामन्यात झाली होती, 2-1 अशी, जाकार्ता येथे.