नेमबाजीच्या खेळातला 'मी'

व्याकरणात आपण तीन पुरुष शिकलो : मी, तू आणि तो. संगणकावरील खेळांतही असाच भेद आहे. काही खेळांत पडद्यावर 'तो' धावतो, उड्या मारतो आणि आपण त्याला चालवतो. काहींत मात्र 'तो' दिसतच नाही. दिसते ती पुढची वाट आणि बंदूक धरलेला हात. चालणारा 'मी', गोळी झाडणाराही 'मी'च! हे झाले प्रथमपुरुषी नेमबाजीचे खेळ.

ते घरोघर पोचवण्यात अमेरिकेतील 'इड सॉफ्टवेअर' ह्या चिमुकल्या कंपनीचा मोठा वाटा आहे. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक ह्यांनी ती १९९१ साली काढली. तिचा 'डूम' हा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी निघाला.

त्या वेळचे घरगुती संगणक तसे दुबळेच. खेळाडूने पाऊल टाकले, की सारे दृश्य नव्याने रंगवायचे. मग हे साधले कसे? काटकसरीने! 'डूम'मधील इमारत मुळात कागदावरच्या नकाशासारखी सपाट आहे. म्हणून तिच्यात एका खोलीवर दुसरी खोली कधी येत नाही. भाऊबंदांनी वडिलार्जित वाडा वाटून घ्यावा, तशी ह्या नकाशाची आधीच वाटणी केलेली असते. एका रेघेने दोन भाग, प्रत्येकाचे पुन्हा दोन. खेळताना संगणकाने एवढेच पाहायचे, की खेळाडू रेघेच्या कोणत्या अंगाला उभा आहे. जवळची भिंत आधी रंगवायची. तिच्याआड झाकलेली रंगवायचीच नाही. ही युक्ती संशोधकांनी १९८० सालीच मांडली होती. कारमॅक ह्यांनी ती खेळात आणली.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. खेळ चालवणारी यंत्रणा एकीकडे आणि नकाशे, चित्रे, आवाज दुसरीकडे ठेवले. त्यामुळे हौशी पोरे स्वतःचे नकाशे रचू लागली. १९९७ साली तर 'डूम'ची मूळ आज्ञावलीच खुली झाली. पुढे 'व्हॉल्व्ह' कंपनीचा 'हाफ-लाइफ' १९९८ साली निघाला. त्यात फेरफार करून मिन्ह ली आणि जेस क्लिफ ह्या दोघा हौशी तरुणांनी १९९९ साली 'काउंटर-स्ट्राइक' रचला. 'व्हॉल्व्ह'ने तो पुढे आपलासा केला.

आता पालकांची शंका. ह्या खेळांत रक्तपात आहे, हे खरेच. आणि 'तो मारतो' व 'मी मारतो' ह्यांत अंतर आहे, हेही खरे. 'डूम' निघाला त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या सिनेटमध्ये खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली होती. १९९४ पासून तेथे खेळांवर वयाचा शिक्का येऊ लागला. तेव्हा तो शिक्का आधी पाहावा आणि खेळ वयाला साजेसा नसेल, तर खुशाल नाही म्हणावे. साजेसा असेल, तर मुलाजवळ जरा बसावे. ''अरे, ही भिंत इथे का ठेवली असेल?'' एवढे विचारावे. हा प्रश्न एकदा मनात शिरला, म्हणजे नुसत्या नेमावर मुलाचे समाधान होत नाही. तो कागद घेऊन नकाशा काढायला बसतो.