‘नापास’ म्हणण्याचा अधिकार

14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 श्रीहरिकोटाहून झेपावले, तेव्हा आरंभीचा सारा भार ‘एस-200’ नावाच्या दोन घन-इंधन मोटरींनी उचलला. त्यांच्या पोलादी कवचांचे काही भाग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे घडले होते व त्यांची दाबचाचणीही तेथेच झाली होती. ज्यांच्या नावाने हे नगर वसले, ते वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. तेव्हा अक्कलकोट रस्त्यावरील वळसंगच्या विद्यार्थ्याने अग्निबाण हा परमुलखातील चमत्कार मानण्याचे कारण नाही. मात्र या उद्योगापासून घ्यावयाचा खरा धडा अभिमानाचा नसून कसोटीचा आहे.

एस-200 ची मोटर तीन खंड जोडून उभी राहते. तिच्या 3.2 मीटर व्यासाच्या कवचात दोनशे टनांहून अधिक इंधन अवघ्या दोन-सव्वादोन मिनिटांत जळते. कवच जाड केले तर ते बळकट होईल. पण वजन वाढून अग्निबाणाची वहनशक्ती घटेल. पूल बांधणाऱ्या अभियंत्याला जेवढे बळ राखीव ठेवता येते, तेवढी चैन येथे परवडत नाही. म्हणून कोठे किती ताण पडेल याचे गणित आधी मांडावे लागते आणि मग त्या गणितावरही विश्वास न ठेवता प्रत्यक्ष वस्तूची परीक्षा घ्यावी लागते. सांधे क्ष-किरणांनी व श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासले जातात. नंतर कवचात पाणी भरून, उड्डाणात अपेक्षित असलेल्या दाबाहून अधिक दाब दिला जातो. पाणी फारसे दबत नाही. त्यामुळे कवच तडकलेच तर दाब तत्काळ उतरतो, दाबलेल्या हवेसारखा स्फोट होत नाही. कवचावर चिकटवलेले ताणमापक पोलाद किती ताणले गेले ते सांगतात आणि गणित खरे की खोटे याचा निवाडा होतो.

यापुढची पायरी म्हणजे मोटर जमिनीवर जखडून पेटविणे. एस-200 ची अशी पहिली चाचणी 24 जानेवारी 2010 रोजी झाली. सुमारे 130 सेकंदांच्या त्या ज्वलनात जवळजवळ सहाशे मापने घेतली गेली. पुढे याच मोटरीवर माणसे पाठविण्याचे ठरले, तेव्हा सुधारलेली मोटर 13 मे 2022 रोजी पुन्हा जमिनीवर पेटवून पाहिली गेली. जुन्या यशाचा दाखला पुरेसा मानला गेला नाही.

तो पुरेसा मानला की काय होते, हे 28 जानेवारी 1986 रोजी जगाने पाहिले. अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाच्या मोटरीही अशाच खंड जोडून बनविलेल्या होत्या. सांध्यांतील रबरी कड्यांची झीज पूर्वीच्या उड्डाणांत दिसून आली होती. आदल्या रात्री मोटर बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी कडाक्याच्या थंडीत उड्डाण करू नये असे बजावलेही होते. व्यवस्थापनाने ते मानले नाही. 73 सेकंदांत यान नष्ट झाले आणि सात जण प्राणांस मुकले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळाशिक्षिका होती. तात्पर्य, तेथे पुराव्याची वाण नव्हती. पुराव्याने काम थांबविण्याचा अधिकार नव्हता.

आता आपल्याकडे पाहावे. प्रयोगशाळेची कुलपे वर्षभर न उघडताही प्रात्यक्षिकाचे गुण पूर्ण पडतात, असे कितीतरी शाळांत घडते. उत्तर आधी आणि निरीक्षण मागाहून लिहिण्याची सवय तेथेच जडते. ‘तपासले, योग्य आढळले’ असा शिक्का वस्तू न पाहताच उमटविणारी कचेरी हे त्याच शिक्षणाचे पुढचे फळ होय. जी परीक्षा कोणालाच नापास करू शकत नाही, तिला परीक्षा म्हणता येणार नाही.

अग्निबाणाच्या विज्ञानासाठी कोट्यवधी रुपये लागतात, हे खरे. पण लोखंडी तारेला वजने टांगून तिचा ताण मोजावयास, आणि आलेला आकडा पुस्तकाशी जुळला नाही तरी तोच वहीत लिहावयास, वळसंगच्या शाळेलाही फारसा खर्च नाही. तो आकडा न खोडणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने पूर्ण गुण द्यावेत. उद्या एखाद्या कवचावर ‘नापास’ लिहिण्याचे धैर्य त्यालाच होईल.