लिनक्स प्रणाली कंटेनर
लिनक्स प्रणाली कंटेनर : एकाच संगणकावर व एकाच लिनक्स कर्नेलच्या आधाराने, परंतु परस्परांपासून अलग राहून चालणारे संपूर्ण प्रचालन परिवेश. कर्नेल म्हणजे स्मृती, फाइली, प्रक्रिया व यंत्रसामग्री यांचे नियमन करणारा प्रचालन प्रणालीचा गाभा होय. आभासी यंत्रातील प्रत्येक प्रणालीस स्वतःचा कर्नेल असतो. कंटेनरास तो नसतो. त्यामुळे कंटेनर काही सेकंदांत सुरू होतो व त्यास स्मृतीही थोडी लागते. मात्र कर्नेलमधील दोष सर्वच कंटेनरांना बाधू शकतो. डॉकरच्या (२०१३) कंटेनरात बहुधा एकच अनुप्रयोग चालतो, तर प्रणाली कंटेनरात इनिट या आद्य प्रक्रियेपासून पुढील सर्व सेवा चालतात.

युनिक्समधील सीएचरूट (१९७९) ही या कल्पनेची पूर्वपीठिका. तिने प्रक्रियेस दिसणाऱ्या फाइलींचे मूळ तेवढे बदलत असे. फ्रीबीएसडीमधील जेल (२०००) ही योजना त्यापुढे गेली. लिनक्समध्ये हे कार्य दोन यंत्रणांनी होते : प्रक्रियेस काय दिसावे हे नेमस्पेस ठरविते, तर तिने किती साधनसामग्री वापरावी हे कंट्रोल ग्रुप ठरवितो. या दोहोंवर आधारलेला एलएक्ससी हा आज्ञासंच २००८ मध्ये उपलब्ध झाला.

एलएक्ससी-क्रिएट या आज्ञेस कंटेनराचे नाव व डाउनलोड हा साचा दिला असता ती वितरण, आवृत्ती व प्रक्रियक-प्रकार विचारते आणि तयार प्रतिमा उतरवून घेते. एलएक्ससी-स्टार्टने कंटेनर सुरू होतो, एलएक्ससी-अटॅचने आत प्रवेश मिळतो व एलएक्ससी-एलएसने यादी दिसते. एलएक्ससी-स्टॉप प्रथम रीतसर बंद होण्याची विनंती करते व ठराविक काळ वाट पाहून मगच सक्ती करते. एलएक्ससी-डिस्ट्रॉयने कंटेनरातील फाइलीही नष्ट होतात. स्मृतीची मर्यादा कॉन्फिग फाइलीत नोंदवितात. ती ओलांडली गेल्यास व स्मृती मोकळी करता न आल्यास कर्नेल त्या गटातील प्रक्रिया संपुष्टात आणतो, यजमानावरील इतर कामास झळ लागू देत नाही.

खरा प्रश्न रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा आहे. रूटचा क्रमांक ०. विशेषाधिकारी कंटेनरातील ० हाच यजमानावरीलही ० असतो. तो कुंपण ओलांडू शकला, तर संपूर्ण संगणक त्याच्या हाती जातो. असा कंटेनर सुरक्षित मानता येणार नाही, असे एलएक्ससीचे विकासकच सांगतात. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या रनसी या साधनातील दोषामुळे कंटेनरातील रूटला यजमानावरील कार्यक्रम-फाइलच बदलता येत होती. यावरील उपाय वापरकर्ता नेमस्पेस हा असून तो कर्नेल ३.८ (२०१३) पासून सामान्य वापरकर्त्यासही उपलब्ध झाला व एलएक्ससी १.० (२०१४) मध्ये वापरात आला. त्यात कंटेनरातील ० ते ६५,५३५ हे क्रमांक यजमानावरील, उदा., १,००,००० पासूनच्या क्रमांकांशी जोडले जातात. आतला रूट बाहेर अधिकारहीन ठरतो. हे क्रमांक सबयूआयडी व सबजीआयडी या फाइलींत आधी राखून ठेवावे लागतात. वापरकर्त्याच्या गृह-निर्देशिकेतून या क्रमांकांना पुढे जाण्याची परवानगी नसली, तर कंटेनर सुरूच होत नाही. नवशिक्याची येथे बरीच फसगत होते. तेव्हा कंटाळून विशेषाधिकारी कंटेनराकडे वळण्याचा मोह होतो, तो टाळावा.

एलएक्ससीवरच उभारलेल्या एलएक्सडी या व्यवस्थापकातून २०२३ मध्ये इन्कस ही शाखा निघाली. या दोहोंत कंटेनर मुळातच अधिकारहीन रूपात तयार होतो.