ओल्या मक्याची मळणी आणि वारा

मळणी यंत्रात वाऱ्याला आजवर एकच काम मिळालं आहे: दाणे सुटले की भुसा उडवायचा. दाणे सोडवायचे ते माराने, साफ करायचे ते वाऱ्याने, अशी ही जुनी वाटणी. स्कॉटलंडमध्ये अँड्र्यू मीकल याने १७८६ च्या सुमारास फिरत्या ड्रमवर पट्ट्या बसवून धान्य झोडपणारं यंत्र उभं केलं. चीनमध्ये त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून हाताने फिरवायचा उफणणीचा पंखा वापरात होता. आजच्या थ्रेशरमध्ये हे दोन्ही वारसे एकत्र नांदतात: वर ड्रम आणि जाळी, खाली चाळणी आणि पंखा. कोरड्या गव्हाला आणि ज्वारीला ही वाटणी पुरते, ओल्या मक्याला पुरत नाही. म्हणून वारा थेट ड्रमपर्यंत न्यावा, दाणे सुटत असतानाच त्याची मदत घ्यावी, असा विचार यंत्र घडवणाऱ्यांनी धरला आहे. मला तो पटतो. मात्र वारा दाणे सोडवील ही आशा मला फोल वाटते. त्याची खरी किंमत सुटलेला दाणा वाचवण्यात आहे.

आधी ओल्या मक्याला हात लावायचाच कशाला, हे पाहायला हवं. मक्याचा दाणा पक्व होऊन बुडाशी काळा थर धरतो तेव्हा त्यात ३० ते ३५ टक्के पाणी असतं. सरकारी खरेदीला १४ टक्क्यांपर्यंतचाच ओलावा चालतो. मळणीत दाणे सर्वांत कमी फुटतात ते साधारण १८ ते २२ टक्के ओलाव्याला. पंचविशीच्या वर गेलं की मऊ दाणा चेपतो, सोलपटतो आणि फुटीचं प्रमाण झपाट्याने वाढतं. फारच वाळला तर तो ठिसूळ होऊन तडकतो. मग वीस टक्क्यांपर्यंत थांबावं, हे सांगायला सोपं. पण हेनान, शांतुंग, हेबेई या उत्तर चीनच्या मैदानी प्रांतांत मक्यामागून त्याच रानात ऑक्टोबरमध्ये गहू पेरायचा असतो, त्यामुळे मका ओला असतानाच शेत मोकळं करावं लागतं. या प्रश्नाचा ध्यास तिथल्या कृषी अभियंत्यांनी घेतला तो यामुळेच. आपल्याकडे नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, जालना या पट्ट्यात खरिपाचा मका काढणीला येतो आणि परतीचा पाऊस गाठतो. पुढे हरभरा, गहू, कांदा रांगेत असतो. ताटं आडवी होऊ लागली, कणसाच्या शेंड्यातून पाणी शिरू लागलं की थांबण्याचा सल्ला शेतकऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही.

फुटलेल्या दाण्याचं नुकसान वजनात किंवा भावात मोजून संपत नाही. दाण्याची साल हे त्याचं कवच. तिला तडा गेला की बुरशीला दार उघडं होतं. असे तडे डोळ्यांना बहुधा दिसत नाहीत. ‘फास्ट ग्रीन’ या रंगाच्या पाण्यात दाणे बुडवून धुतले तर जिथे साल फाटली आहे तिथेच हिरवा रंग धरतो, आणि वरून धडधाकट वाटणारा नमुना हिरव्या रेघांनी भरून जातो. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. भिजलेल्या, बुरशी धरलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृताचा आजार पसरला आणि नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. तो मका यंत्राने फुटला म्हणून विषारी झाला असं मी म्हणत नाही. तिथे ओल आणि साठवण हीच कारणं होती. पण ओल्या मक्यात बुरशी किती वेगाने आणि कुठवर जाते हे ज्याला कळलं, तो सालीवरची रेघ क्षुल्लक मानणार नाही.

आता दाणा सुटतो कसा ते पाहू, कारण सगळा वाद तिथेच मिटतो. मक्याचे दाणे कणसावर ओळींनी एकमेकांना घट्ट रेटून बसलेले असतात. एकेक दाणा सरळ बाहेर ओढायला बरंच बळ लागतं, आणि ओल्या कणसात देठाची पकड आणखी चिवट असते. हाताने मका सोलणाऱ्या बायका म्हणूनच दाणा ओढत नाहीत. त्या आधी एखादी ओळ मोकळी करतात आणि मग अंगठ्याने शेजारची ओळ त्या रिकाम्या जागेकडे कलंडवतात. आधार गेलेला दाणा थोड्या जोरात निघतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेची अष्टकोनी नळीची हातसोलणीही याच तत्त्वावर चालते: आतल्या कडा दाण्यांना बाजूने रेटतात. ड्रमचे दात पहिले काही दाणे मारून काढतात आणि पुढचं बरंचसं काम कणसं एकमेकांवर घासून होतं. म्हणजे बहुतेक दाणे पहिल्या झटक्यानंतर सहज सुटतात. पण सुटलेला दाणा लगेच बाहेर पडत नाही. ओला पाला, कणसाची सालं आणि चुरा यांचा थर जाळीवर बसतो, भोकं बुजतात आणि तो दाणा दातांच्या वाटेत पुन्हा पुन्हा येतो. कणसाला चिकटलेल्या दाण्याला निदान शेजाऱ्यांचा आधार असतो. सुट्या दाण्याला मार उघड्यावर झेलावा लागतो. त्याला लवकर बाहेर काढणं हा फूट कमी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे.

इथे वाऱ्याचा हिशोब मांडून पाहावा. साध्या पंख्याचा झोत सेकंदाला ३० मीटर वेगाने आला तरी दाण्याच्या डोक्यावर त्याचा दाब भरतो दोन ते पाच ग्रॅम वजनाइतका. कणसाला धरून बसलेला दाणा सोडवायला शेकड्यांनी ग्रॅमचं बळ लागतं, तेव्हा या झोताने तो हलणारही नाही. सुटलेला दाणा मात्र भरतो सुमारे ०.३ ग्रॅम, आणि सेकंदाला दहा ते तेरा मीटर वेगाचा वारा त्याला तोलून धरतो. तोच झोत त्याला सहज वाहून नेईल. तेव्हा पोकळ ड्रममधून बाहेरच्या दिशेने वारा सोडावा, किंवा जाळीखालून ओढावा. पाल्याचा थर सैल व्हावा, भोकं मोकळी राहावीत. ड्रमच्या फिरण्याने दाणे आपोआप बाहेर फेकले जातातच, असा आक्षेप येतो. कोरड्या मालात ते खरं आहे. ओल्या थरात मात्र फेकला गेलेला दाणा पाल्यातच रुततो. वाट मोकळी राहिली तर ड्रमचा वेगही कमी ठेवता येतो. दातांचा वेग सेकंदाला १५ मीटरवरून १२ वर आणला तर प्रत्येक माराची ऊर्जा ३६ टक्क्यांनी उतरते. नुसता वेग कमी केला आणि वाट तुंबलेलीच राहिली, तर कणसाला दाणे चिकटून राहतात आणि चालक पुन्हा वेग वाढवतो.

दाबलेल्या हवेच्या बारीक, तीव्र झोतांनी दाणेच सोडवावेत, ही याहून धाडसी कल्पना. चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाबाची हवा अर्ध्या चौरस सेंटिमीटरवर अडीच किलोंचा रेटा देते, आणि मोकळ्या ओळीच्या बाजूने तिरका झोत बसला तर तो अंगठ्याचं काम करील. पण हा दाब नळीच्या तोंडाशीच असतो. थोडं अंतर वाढलं की तो विरतो, आणि ड्रममध्ये उसळणारं कणीस तोंडाशी थांबत नाही. शिवाय दोन मिलिमीटरच्या एका छिद्राला कॉम्प्रेसरची सुमारे दोन अश्वशक्ती लागते. अशी दहा छिद्रं म्हणजे वीस अश्वशक्ती. गावात मळणीला येणारा पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अर्धी ताकद हवेला देऊन बसला तर ड्रम कशावर फिरणार? बियाण्यासारख्या मोलाच्या मालाला एक वेळ हे परवडलं असतं, पण बियाणं तयार करणारे ओला मका सोलतच नाहीत. कणसंच बेताच्या उष्णतेवर वाळवून ते नंतर दाणे काढतात. सगळ्यांनी तेच का करू नये? कारण दाण्यांबरोबर पाण्याने भरलेलं बुरकुंडही वाळवावं लागतं, आणि त्या इंधनाचा, जागेचा खर्च पशुखाद्याच्या किंवा इथेनॉलच्या मक्याला पेलत नाही.

सौम्य वाऱ्यालाही अडचणी आहेतच. ओला पाला जड असतो, त्यामुळे त्याला उडवणारा वेग आणि हलक्या दाण्याला उडवणारा वेग जवळ येतात. झोत थोडा वाढला तर दाणे भुशात जातात, कमी झाला तर भुसा दाण्यात राहतो. एकाच रानात सकाळचा आणि दुपारचा ओलावा वेगळा असतो, म्हणजे झोत बदलता आला पाहिजे. बारीक छिद्रं चिकट चुऱ्याने बुजतात आणि ती साफ करायला चालक हंगामात यंत्र थांबवत नाही. शिवाय वाऱ्याने मळलेला २८ टक्क्यांचा मका २८ टक्क्यांचाच राहतो. त्याचा एक क्विंटल १४ टक्क्यांवर आणला की सुमारे ८४ किलो उरतो; ते सोळा किलो पाणी एक-दोन दिवसांत काढलं नाही तर न फुटलेला दाणाही ढिगात तापतो. वाळवणीची सोय नसलेल्या गावात हे यंत्र आणलं तर त्याचा गुण पोत्यातच कुजेल.

एवढं असूनही पोकळ ड्रम आणि साधा पंखा यांची जोडी करून पाहण्यासारखी आहे. ती महाग नाही आणि गावच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होऊ शकते. दाबलेल्या हवेचा नाद तूर्त प्रयोगशाळेत राहू द्यावा. चाचणी घेणाऱ्या संस्थांनी मक्याच्या थ्रेशरची फूट कोरड्या कणसांवर मोजून थांबू नये. २० आणि २८ टक्के अशा दोन्ही ओलाव्यांवर, हिरव्या रंगाची चाचणी धरून, ती मोजावी आणि आकडा यंत्रावर छापावा. आणि मका उत्पादकांनी यंत्र घेताना तासाला किती क्विंटल, एवढंच न विचारता किती ओलाव्याला किती दाणे फुटतात, हेही विक्रेत्याला विचारावं.