सहा तुकड्यांचा धडा

शाळेत आपण गणित शिकतो, व्याकरण शिकतो, भूगोल शिकतो. परंतु दुसऱ्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेणे, अडखळणाऱ्याला सांभाळून घेणे, जिभेवर आलेला टोमणा आवरणे, या गोष्टी कोणत्या तासाला शिकवतात? ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ हे वाक्य आपण वहीत सुवाच्य अक्षरांत अनेकदा लिहितो. पण तेवढ्याने तो गुण अंगी बाणत नाही. पोहण्याचे नियम पाठ केले म्हणून कोणाला पोहता येत नाही. त्यासाठी पाण्यातच उतरावे लागते. इतरांबरोबर मिळून राहण्याची विद्याही तशीच आहे. ती रोजच्या अभ्यासातून कशी शिकवता येते, हे अमेरिकेतील एका प्रयोगाने दाखवून दिले आहे.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे. त्या भागात एके काळी गोऱ्या मुलांच्या शाळा निराळ्या आणि काळ्या मुलांच्या निराळ्या असत. वर्णावरून मुलांना असे वेगळे ठेवणे राज्यघटनेला धरून नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. तरीही तो सर्वत्र अमलात येण्यास पुष्कळ वर्षे लागली. ऑस्टिनमध्ये १९७१ साली गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात बसू लागली. त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. मनात संशय मात्र होता. काही आठवड्यांतच शाळांमध्ये भांडणे व मारामाऱ्या होऊ लागल्या.

तेव्हा शाळेच्या अधिकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एलियट ॲरॉन्सन यांना साहाय्यासाठी बोलावले. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपदेश करण्याची घाई केली नाही. प्रथम ते वर्गात मागे बसून नुसते पाहत राहिले. त्यांना काय दिसले? शिक्षक प्रश्न विचारीत. सहा-सात हात वर होत. एकाला संधी मिळे. इतरांचे चेहरे उतरत. त्याचे उत्तर चुकावे, म्हणजे आपल्याला संधी मिळेल, असे त्यांना वाटे. ज्यांना उत्तर येत नसे, ती मुले खाली मान घालून बसत. दुसऱ्याच्या चुकीत जेथे आपला लाभ असतो, तेथे स्नेह कसा वाढावा?

म्हणून त्यांनी शिकण्याची रीतच बदलली. सहा-सहा मुलांचे गट केले आणि प्रत्येक गटात निरनिराळ्या समाजांतील मुले घेतली. धड्याचे सहा भाग पाडून प्रत्येकाला एकच भाग दिला. मग निरनिराळ्या गटांतील, पण तोच भाग मिळालेली मुले एकत्र बसून त्याची तयारी करीत आणि पुन्हा आपापल्या गटात येऊन तो भाग इतरांना शिकवीत. शेवटी संपूर्ण धड्यावर प्रत्येकाची स्वतंत्र परीक्षा होई. चित्राचे तुकडे जुळवण्याच्या कोड्याला इंग्रजीत ‘जिगसॉ’ म्हणतात. त्यावरून या पद्धतीला जिगसॉ पद्धती हे नाव पडले. एक तुकडा हरवला तर चित्र अपुरे राहते. एका सोबत्याचे ऐकले नाही तर धडा अपुरा राहतो.

या प्रयोगातील एका मुलाची हकीकत ॲरॉन्सन यांनी सांगितली आहे. त्याला ते कार्लोस म्हणतात. कार्लोसची घरची भाषा स्पॅनिश होती. इंग्रजी बोलताना तो अडखळे; म्हणून मुले त्याला हसत आणि तो गप्पच राही. एके दिवशी वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचा धडा होता. पुलित्झर स्वतः हंगेरीतून अमेरिकेत आलेले. आले तेव्हा त्यांनाही इंग्रजी फारसे येत नव्हते. त्यांच्या आयुष्याचा मधला काळ कार्लोसच्या वाट्याला आला. तो बोलू लागला, अडखळला, आणि गटातील मुले नेहमीप्रमाणे त्याची टिंगल करू लागली. तेव्हा देखरेख करणाऱ्या व्यक्तीने एवढेच सांगितले की, तुम्हांला हवे तर असे बोला. पण त्यामुळे पुलित्झरविषयीची माहिती मिळणार नाही, आणि परीक्षा तर थोड्याच वेळात आहे.

टिंगल एका दिवसात थांबली नाही. परंतु हळूहळू मुलांच्या ध्यानात आले की, कार्लोसला नीट प्रश्न विचारले की तो नीट सांगतो. ती प्रश्न विचारायला शिकली, धीर धरायला शिकली. कार्लोसची भीती कमी झाली. आणि आपण समजत होतो तितका हा मंद नाही, हे इतरांनाही कळून आले.

सुमारे आठ आठवड्यांनी तपासणी केली, तेव्हा या गटांतील मुलांना आपले सोबती अधिक आवडू लागलेले दिसले. त्यांना शाळेचीही गोडी वाढली होती. काळ्या व मेक्सिकन वंशाच्या मुलांचे गुण वाढले, आणि गोऱ्या मुलांचेही काही नुकसान झाले नाही.

या रीतीतही अडचणी येतात. एखादा मुलगा सगळे बोलणे आपल्याकडेच ओढून घेतो. म्हणून गटाचा प्रमुख पाळीपाळीने बदलतात. सर्वांना बोलायला मिळेल असे पाहणे हे त्याचे काम असते. इतरांना बोलू देणे हीही शिकावीच लागणारी गोष्ट आहे.

मुलांनो, तुमच्या वर्गातही घरी गोंडी, अहिराणी किंवा दुसरी एखादी भाषा बोलणारे, किंवा स्वभावानेच बुजरे असे कोणी असेल. इतिहासाचा एखादा लांब धडा घ्या, गुरुजींची किंवा बाईंची अनुमती घ्या आणि त्याचे भाग वाटून घ्या. तुमचा सोबती अडखळला, तर हसू नका. त्याला एक सोपा प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. धड्याचा जो भाग तुम्हांला ठाऊक नाही, तो त्याच्याजवळ आहे.