दारातला कुत्रा आणि नालीतला डास

दिवेलागणीला नांदूरघाटच्या कोणत्याही गल्लीतून चाललं की एक दृश्य हमखास दिसतं. ओसरीवर माणसं पाय झटकत बसलेली असतात आणि पायरीशी पडलेला कुत्रा कान फडफडवत, नाकावर पंजा घासत असतो. लेकरांना मच्छरदाणी लागते, गोठ्यात गुरांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर होतो. कुत्र्याचं मात्र ‘त्याच्या अंगावर केस आहेत, त्याला काय होतंय’ एवढ्यावर भागतं.

केस आहेत हे खरं, पण ते सगळीकडे सारखे नाहीत. कानाच्या पाळ्या, नाकाचा वरचा भाग, पोट आणि मांड्यांची आतली बाजू इथली कातडी जवळजवळ उघडी असते. डास नेमका तिथेच बसतो. चाव्याची खाज, खाजवून पडलेल्या जखमा आणि त्यावर बसणाऱ्या माश्या हा झाला दिसणारा त्रास. खरा धोका त्या चाव्यातून आत शिरणाऱ्या जंताचा आहे.

डासातून काय येतं?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. घरातल्या कुत्र्यामुळे डेंग्यू किंवा हिवताप पसरत नाही. कुत्र्याला डासामुळे होणारा मुख्य आजार म्हणजे जंतांचा. हे जंत माणसाला हत्तीरोग देणाऱ्या जंताचे लांबचे भाऊबंद आहेत. डासाच्या पोटात असा जंत वाढतो, हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरांनी १८७७ मध्ये चीनमधील अमॉय इथे प्रथम दाखवलं. हिवतापाचा परजीवी डासात असतो, हे रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला शोधलं ते त्यानंतर २० वर्षांनी.

कुत्र्यात असे दोन जंत महत्त्वाचे आहेत. पहिला ‘डायरोफायलेरिया इमायटिस’, म्हणजे हृदयजंत. हा फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात राहतो. त्याची मादी सुमारे एक फूट लांब होते. भारतात त्याचं प्रमाण मुख्यतः ईशान्येकडील राज्यांत आहे. दुसरा ‘डायरोफायलेरिया रिपेन्स’. तो कातडीखाली राहतो आणि देशाच्या इतर भागांत, विशेषतः दक्षिणेत, जास्त आढळतो.

दोघांचा प्रवास सारखाच. बाधित कुत्र्याच्या रक्तात या जंतांची सूक्ष्म पिल्लं फिरत असतात, त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. डास रक्त पितो तेव्हा ती त्याच्या पोटात जातात. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत ती पुढच्या अवस्थेत पोहोचतात आणि तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की त्याच्या अंगात उतरतात. तिथे पूर्ण वाढ व्हायला सहा ते सात महिने लागतात. एवढा काळ कुत्रा वरून धडधाकट दिसतो.

पुढे हृदयजंताचा कुत्रा खोकू लागतो, थोडं पळाला तरी दमतो, वजन उतरतं, शेवटी पोटात पाणी भरतं. कातडीखालच्या जंतामुळे गाठी येतात, खाज सुटते. पुष्कळदा काहीच दिसत नाही. म्हणूनच रक्त तपासल्याशिवाय निदान होत नाही.

माणसाला धोका किती?

कातडीखालचा जंत कधी कधी डासामार्फत माणसातही येतो. माणसाच्या शरीरात त्याची वाढ सहसा पूर्ण होत नाही, पण तो कातडीखाली गाठ करतो किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पडद्याखाली येऊन बसतो. केरळ आणि कर्नाटकातील नेत्रतज्ज्ञांनी असे जंत रुग्णांच्या डोळ्यांतून काढले आहेत. डोळा लाल होतो, खुपतो, आत काही वळवळल्यासारखं वाटतं. छोट्या शस्त्रक्रियेनं जंत काढला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. असं काही जाणवलं तर घरगुती थेंब घालत बसू नये, नेत्रतज्ज्ञाला दाखवावं.

हा जंत कुत्र्याला हात लावल्यानं, त्यानं चाटल्यानं किंवा त्याच्याजवळ झोपल्यानं होत नाही. मध्ये डास लागतोच. त्यामुळे घाबरून कुत्रा गावाबाहेर सोडून देणं हा उपाय नव्हे. उलट उपचार न झालेला आणि वाऱ्यावर सोडलेला कुत्रा डासांना जंत पुरवत राहतो.

औषध आहे, पण गुरांचं नव्हे

हृदयजंत रोखण्यासाठी महिन्यातून एकदा द्यायची औषधं आहेत. त्यातलं सर्वांत परिचित म्हणजे आयव्हरमेक्टिन. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेल्या या औषधाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. हे औषध डासाला चावू देत नाही असं नाही. मागच्या महिन्याभरात अंगात शिरलेल्या कोवळ्या अळ्या ते मारतं. म्हणून ते वेळच्या वेळी देणं महत्त्वाचं. दोन-तीन महिने चुकले तर मधल्या काळातल्या अळ्या हाताबाहेर जातात.

इथेच गावाकडे मोठी चूक होऊ शकते. गुरांच्या गोचिडासाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घरात असतं, त्यातलंच थोडं कुत्र्याला टोचलं जातं. गुरांची मात्रा वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, तर कुत्र्याला हृदयजंत रोखण्यासाठी लागते फक्त ६ मायक्रोग्रॅम. म्हणजे ३३ पटींचा फरक. कोली जातीच्या आणि तिच्या संकरातल्या काही कुत्र्यांत हे औषध मेंदूत शिरतं. कुत्रा लडखडतो, बेशुद्ध पडतो, मरूही शकतो. शिवाय रक्तात पिल्लं भरपूर असताना औषध दिलं तर ती एकदम मरून कुत्र्याला झटका येऊ शकतो. म्हणून आधी रक्त तपासणी, मग पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं वजनाप्रमाणे मात्रा, हाच क्रम योग्य. सुरुवात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी; गुंतागुंतीच्या तपासणीसाठी मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

अंगाला काय लावावं, काय लावू नये

माणसांची डास पळवणारी मलमं कुत्र्याला लावू नयेत. तो अंग चाटतो आणि ते औषध पोटात जातं. जळकं ऑइल, रॉकेल, पिकावर फवारायचं औषध यांचा तर विचारही नको. बंद खोलीत कॉइल लावून कुत्र्याला तिच्याशेजारी बांधणं त्याच्या फुप्फुसांना आणि घरच्यांनाही वाईट. कुत्र्यांसाठी बनवलेले डेल्टामेथ्रिनचे पट्टे किंवा मानेवर टाकायची पर्मेथ्रिनची औषधं उपयोगी पडतात. पण घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन आणू नये. ते मांजराला विषासारखं आहे.

साधे उपाय अधिक खात्रीचे आहेत. नालीत वाढणारा क्युलेक्स डास रात्री चावतो, म्हणून अंधार पडल्यावर कुत्र्याला नालीकाठी न बांधता घरात किंवा ओसरीवर घ्यावं. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही, तेव्हा पंख्याचा झोत त्याच्यापर्यंत पोहोचला तरी फरक पडतो. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा त्याच्या झोपायच्या जागेवर ताणून बांधता येतो.

फडावरचा कुत्रा

दसरा-दिवाळीनंतर केज तालुक्यातली अनेक कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. काहींचा कुत्राही राखणीला बरोबर असतो. पाटपाण्याच्या मुलखात कोपीबाहेर झोपलेल्या या कुत्र्याला रात्रभर डास चावतात. डिसेंबरात जंत शिरला तर जून-जुलैपर्यंत तो पूर्ण वाढून पिल्लं रक्तात सोडू लागतो, म्हणजे नेमकं गावात पाऊस पडून डास वाढतात त्या वेळी. अशा कुत्र्याची पावसाळ्याच्या तोंडावर एकदा रक्त तपासणी करून घेणं शहाणपणाचं.

उपाय नालीपासून

बीडसारख्या दुष्काळी भागात डास कमी असावेत असं वाटतं. पण पाणी आठवड्यानं येतं, म्हणूनच ते ड्रममध्ये, हौदात, रांजणात साठतं आणि सांडपाणी दारातल्या नालीत तुंबतं. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवायची. रिकाम्या न होणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडायचे. कुत्र्याचं पाण्याचं भांडंही रोज ओतून धुवायचं.

नालीचं उत्तर नांदेड जिल्ह्यानं दिलं आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे केले. उघडी गटारं गेली आणि डासही हटले. पुढे रोजगार हमीतून हे काम जिल्हाभर पसरलं आणि ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यात ओळखलं गेलं. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी आणि वर झाकण. सांडपाणी आत मुरतं, डासाला अंडी घालायला जागा उरत नाही.

कुत्र्यासाठी गोळी, पट्टा आणि मच्छरदाणी हवीच. पण नांदूरघाटच्या ओसरीवर कुत्र्याला चावणारा आणि शेजारी झोपलेल्या लेकराला चावणारा डास एकाच नालीतून उठलेला असतो. दारातला कुत्रा रात्रभर कान फडफडवत असेल, तर सकाळी आधी घरामागची नाली पाहावी.